पसरणीच्या घाटातले दिवे

आत्याने वाईला जाण्याची इच्छा बोलून दाखवली, तेव्हा माझ्यातल्या डॉक्टरच्या मनात प्रथम आल्या त्या कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या. ओल्या, झिजलेल्या, उंचीला कमीजास्त असलेल्या काळ्या दगडाच्या पायऱ्या. खुब्याचे ऑपरेशन होऊन जेमतेम आठ महिने झालेल्या त्र्याऐंशी वर्षांच्या बाईला तिथे नेणे म्हणजे दुसऱ्या फ्रॅक्चरला आमंत्रण, असे माझे पहिले मत होते. ते मी बोलूनही दाखवले. आत्या काही म्हणाली नाही. समोरचा चहा तसाच ठेवून ती खिडकीकडे पाहत राहिली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिने लग्न केले नाही. छत्तीस वर्षे शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, आणि निवृत्तीनंतर आमच्याकडे पुण्याला राहायला आली. न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडेपर्यंत ती स्वतःची कामे स्वतः करीत असे. ऑपरेशन उत्तम झाले, महिन्याभरात ती वॉकर घेऊन चालूही लागली. मात्र त्यानंतर हळूहळू तिचे जेवण कमी झाले. वर्तमानपत्र वाचणे थांबले. रात्री दोन-तीन वाजता ती जागी असे. वजन पाच किलोने उतरले.

डॉक्टरने जे करायचे ते मी सारे केले. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, रक्तातले सोडियम, मूत्रपिंडाचे कार्य, सर्व तपासून घेतले. उतारवयात नैराश्य हे ‘मला वाईट वाटते’ अशा शब्दांत क्वचितच पुढे येते. ते भूक मंदावणे, झोप उडणे, अंग दुखणे, कशातच रस न वाटणे अशा वाटांनी येते. म्हणून त्या दृष्टीनेही प्रश्न विचारले. आत्याने सगळ्यांची उत्तरे नीट दिली. विसरभोळेपणाची चाचणी ती माझ्यापेक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली असती. निष्कर्ष मी काढला तो असा : मोठे ऑपरेशन, परावलंबित्व आणि वय. अनेक घरांत असाच निष्कर्ष निघतो, आणि तो निघाला की पुढचे प्रश्न विचारणे थांबते.

वाईचे नाव तिने पुन्हा आठवड्याने काढले. “पायऱ्या उतरायच्या नाहीत मला. वरच्या पायरीवर नुसतं बसायचंय. संध्याकाळपुरतं,” ती म्हणाली. आठ महिन्यांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट होती. मी होकार दिला.

अशा प्रवासाची तयारी हा आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या काळजीचा विषय असतो, म्हणून थोडे तपशिलात सांगते. तिच्या अस्थिरोगतज्ज्ञांना आधी विचारून घेतले. गाडीची पुढची जागा मागे सरकवून तिच्यावर घट्ट उशी ठेवली, कारण खुब्याच्या ऑपरेशननंतर खोल, खालच्या आसनावर बसणे टाळायचे असते. दर तासाभराने थांबून पाच मिनिटे चालायचे, आणि बसल्या जागी घोटे वर-खाली हलवीत राहायचे, म्हणजे पायांतल्या शिरांमध्ये रक्त साकळण्याचा धोका कमी होतो. रक्तदाबासाठी तिला लघवी वाढवणारी गोळी आहे. प्रवासात अडचण नको म्हणून पुष्कळ ज्येष्ठ अशी गोळी परस्पर चुकवतात आणि पाणीही पीत नाहीत. दोन्ही गोष्टी घातक आहेत. गोळी केव्हा घ्यायची ते आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. आम्ही ती मुक्कामी पोहोचल्यावर द्यायचे ठरवले. औषधे डिकीतल्या बॅगेत न ठेवता हाताशी ठेवली, सोबत औषधचिठ्ठीची प्रत. वॉकरच्या पायांची झिजलेली रबरी टोपणे बदलली. उतरण्यासाठी तळमजल्यावरची, कमोड असलेली खोली फोनवर खात्री करून घेतली. एवढे केले की निम्मी भीती उरत नाही.

फाल्गुनातल्या एका सकाळी आम्ही निघालो. पुण्याहून वाई साधारण नव्वद किलोमीटर. खंबाटकीचा घाट चढून उतरला की सुरूरच्या फाट्यावर महामार्ग सोडायचा आणि पश्चिमेकडे वळायचे. या रस्त्याच्या दोन्ही कडांना जुने वड होते. रुंदीकरणात त्यांतले कित्येक गेले, काही अजून पारंब्या सांभाळून उभे आहेत. आत्या काचेतून एकेक झाड पाहत होती. मध्येच ती म्हणाली, “काच खाली कर.” शेताच्या कडेला हळद शिजत होती. वाईच्या मातीतली हळद प्रसिद्ध आहे, आणि या दिवसांत काढणी होऊन ती काहिलींत शिजवली जाते. तो ओलसर, मातकट, किंचित तिखट वास गाडीत शिरला. आत्याने डोळे मिटले, आणि आठ महिन्यांत न पाहिलेले काहीतरी तिच्या चेहऱ्यावर आले.

वास आणि आठवण यांचे नाते शरीरशास्त्राने नीट समजावले आहे. दृश्य, ध्वनी, स्पर्श यांचे संदेश मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या केंद्रातून पुढे जातात. गंधाचा मार्ग त्या मानाने फारच थेट आहे. नाकाच्या मुळाशी असलेल्या गंधकेंद्रातून तो भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत, म्हणजे अ‍ॅमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पसपर्यंत, लगेच पोहोचतो. म्हणून एखाद्या वासाने आठवण जागी होते तेव्हा ती निव्वळ माहिती नसते, तिच्यासोबत त्या वेळची भावनाही येते. शिवाय उतारवयात माणसाला सर्वांत स्पष्ट आठवते ते साधारण दहा ते तीस या वयातले आयुष्य. ओळख, प्रेम, पहिली नोकरी, घर सोडणे, जे जे प्रथम घडते ते याच काळात घडते आणि खोल कोरले जाते. सकाळी कोणती भाजी खाल्ली हे न आठवणारे आजोबा कॉलेजातल्या खोलीचा क्रमांक सांगतात, त्यात चमत्कार काही नाही.

वाईला दक्षिण काशी म्हणतात. कृष्णेच्या काठाने एकामागून एक घाट आहेत. गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, सिद्धनाथवाडी ही त्यांची नावे. हिवाळा सरत असताना प्रत्येक घाटावर पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव होतो आणि नदीला देवी मानून तिची पूजा बांधली जाते. गणपती घाटावरचे ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. गणपतीची अवाढव्य मूर्ती एका दगडातली आहे. पण मला दर वेळी कौतुक वाटते ते देवळाच्या पाठीमागच्या भिंतीचे. ती माशासारखी निमुळती बांधली आहे. पुराचे पाणी येते ते त्या टोकावर दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. पूर अडवण्याचा हट्ट न धरता त्याला वाट करून देणारी ती भिंत अडीचशेहून अधिक वर्षे उभी आहे.

ऊन कलल्यावर आम्ही घाटावर गेलो. शब्द दिल्याप्रमाणे वरच्याच पायरीजवळ घडीची खुर्ची मांडली. नदीला पाणी बेताचे होते. वरच्या अंगाला धोमचे धरण झाल्यापासून नदीची रीतच बदलली, असे आत्या म्हणाली. काशीविश्वेश्वराच्या देवळातून घंटा ऐकू येत होती. खाली दोन मुले पाण्यात उड्या मारीत होती. आत्याची नजर मात्र नदीवर नव्हती. ती पश्चिमेकडच्या डोंगराकडे पाहत होती, जिथे पसरणीचा घाट वळणे घेत पाचगणीला चढतो. पसरणी हे शाहीर साबळ्यांचे गाव. मी काहीतरी बोलायचे म्हणून तसे म्हणाले. आत्या नुसती हसली.

“दिवे लागू देत,” ती म्हणाली. “मग सांगते.”

अंधार पडला तसा डोंगरावर एक ठिपका दिसला. वळणावर लपला, पुन्हा दिसला. पाचगणीहून उतरणारी गाडी. तिच्यामागे दुसरी. आत्याने सांगायला सुरुवात केली, ती त्या दिव्यांकडे पाहतच.

१९६३-६४ मधली ही गोष्ट. माझे आजोबा तेव्हा वाईला मधल्या आळीत बिऱ्हाड करून होते. आत्या एकवीस-बावीस वर्षांची. गावात विद्येचे वातावरण मोठे होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाच्या कामाची जुळवाजुळव त्या सुमारास वाईतच चालली होती. पहिला खंड पुढे १९७६ मध्ये आला. टिळक ग्रंथसंग्रहालयातून घरची पुस्तके बदलून आणण्याचे काम आत्याकडे असे. तिथेच तिची आणि शाळेत हंगामी शिक्षक म्हणून आलेल्या एका तरुणाची ओळख झाली. आत्या त्यांचा उल्लेख ‘ते’ असाच करीत होती. साठ वर्षांनंतरही. नाव तिने एकदाच घेतले, ते मी इथे लिहीत नाही.

“भेटणं म्हणजे काय, तर एकाच वेळी पुस्तक बदलायला जाणं. आणि संध्याकाळी मी मैत्रिणींबरोबर या पायरीवर, ते मित्रांबरोबर त्या तिथे. मध्ये वीस हात अंतर. दीड वर्ष एवढंच. मग त्यांनी रीतसर अण्णांना येऊन विचारलं. अण्णांना मुलगा आवडला होता, हो. पत्रिका बघायचं ठरलं होतं.”

त्याच पावसाळ्यात त्यांचा खोकला हटेना. संध्याकाळी कणकण येई. एक दिवस थुंकीतून रक्त पडले. साताऱ्याला एक्स-रे काढला आणि क्षयाचे निदान झाले. त्यांना पाचगणीला ठेवण्यात आले. पाचगणीची कोरडी, थंड हवा क्षयरोग्यांना मानवते असा समज जुना. विसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. बिलिमोरिया यांनी तिथे बेल-एअर हे आरोग्यधाम सुरू केले होते आणि दूरदूरचे रोगी तिथे येत. औषधे नसण्याच्या काळात मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार एवढेच डॉक्टरांच्या हाती होते.

“अण्णांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना घरी बोलावून विचारलं. मी स्वयंपाकघरात होते. दार अर्धं उघडं होतं. डॉक्टर म्हणाले, ‘मुलगी द्यायची असेल तर खुशाल द्या. पण ती विधवा होण्याची तयारी ठेवून द्या.’ एवढं एकच वाक्य. अण्णा वाईट नव्हते गं. ते वाक्य ऐकल्यावर कुठला बाप हो म्हणेल?”

घाटावर आता बऱ्यापैकी अंधार होता. आत्याच्या चेहऱ्यावरचे भाव मला दिसत नव्हते, आणि माझे तिला दिसत नव्हते हे बरे होते.

“त्यांनी एकच चिठ्ठी पाठवली, मित्राच्या हाती. तिथे डोंगराच्या कडेवरून रात्री वाईचे दिवे दिसतात, असं लिहिलं होतं. बाकी काही नाही. मग मी रोज दिवेलागणीला इथे येऊन बसायची. वरून शेवटची एसटी उतरताना तिचे दिवे दिसायचे. वाटायचं, बरे झाले की याच गाडीने उतरतील. दीड वर्षाने बरे झालेसुद्धा. पण उतरले ते वाईला थांबले नाहीत. त्यांना नकार कळला होता. मीही काही केलं नाही. तेव्हा काही करता येतं, हेच ठाऊक नव्हतं.”

पुढे ते दुसऱ्या जिल्ह्यात शिक्षक झाले, लग्न केले, एवढे कुणाकडून तरी तिच्या कानावर आले. त्यानंतर काही नाही.

“मग आत्ताच का गं, आत्या?” मी विचारले.

“पेपरात वाचलं. मी हॉस्पिटलातून घरी आले त्या आठवड्यात. फोटो होता. वय वर्षे सत्त्याऐंशी. मागे पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडं.” ती थोडा वेळ थांबली. “पत्नी मागे आहे, म्हणजे विधवा झालीच ती. पण सत्त्याऐंशीव्या वर्षी. साठ वर्षांनी चुकलं डॉक्टरांचं गणित.”

हे बोलताना तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता. शाळेत वहीतली चूक दाखवताना असतो तसा स्वर होता. मला मात्र त्या घाटावर बसणे अवघड झाले.

कारण ती चूक मला वैद्यकाच्या बाजूने दिसत होती. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ चा. आयसोनियाझिड १९५२ पासून वापरात आले. त्यांच्यासोबत पॅस नावाचे तिसरे औषध देत. उपचार दीड-दोन वर्षांचे, इंजेक्शनांनी आणि गोळ्यांनी जीव नकोसा करणारे, पण रोग बरा करणारे होते. एवढेच नव्हे, तर १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या क्षयरोग संशोधन केंद्राने १९५९-६० च्या सुमारास जगापुढे सिद्ध केले होते की, नियमित औषधे घेतली तर घरी राहूनही रोगी आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच चांगला बरा होतो, आणि घरातल्या माणसांना त्यामुळे अधिक धोका होत नाही. जगभरची आरोग्यधामे ओस पडण्यास जी संशोधने कारण झाली, त्यांत हे आपल्या देशातले संशोधन फार महत्त्वाचे होते. १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमही सुरू झाला. म्हणजे आजोबांनी विचारले तेव्हा खरे उत्तर अस्तित्वात होते. ते मधल्या आळीपर्यंत पोहोचले नव्हते.

त्या डॉक्टरांना मी दोष देऊ शकत नाही. त्यांनी तरुणपणी औषधांवाचून क्षयाने घरेच्या घरे रिकामी होताना पाहिली असणार. जे पाहिले त्याच आधारावर ते बोलले, आणि मनात मुलीचे भलेच होते. मला अस्वस्थ केले ते वाक्याच्या ठामपणाने. आम्ही डॉक्टर दिवसाला पन्नास-साठ रोगी पाहतो, शेकडो वाक्ये बोलतो आणि विसरतो. त्यांतले एखादे कुणाच्या तरी स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते आणि साठ वर्षे तिथे राहते.

मला चार महिन्यांपूर्वीचा एक प्रसंग आठवला. माझ्याकडे नेहमी येणारे एक गृहस्थ मुलीच्या स्थळाविषयी विचारायला आले होते. मुलाला चार वर्षांपूर्वी क्षय झाला होता, सहा महिन्यांचा उपचार पूर्ण झाला होता, नंतरच्या सर्व तपासण्या निर्दोष होत्या. मी काय म्हणाले? “धोका शून्य असं कुणीच सांगू शकत नाही, तुम्ही विचार करून ठरवा.” वाक्य शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे नव्हते. पण ते मी स्वतःला वाचवण्यासाठी बोलले होते. ते गृहस्थ मान हलवून निघून गेले होते.

“चल,” आत्या म्हणाली. “गार वाऱ्यात बसवून मला न्यूमोनिया करशील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला विचारले, पाचगणीला जायचे का? गाडीने अर्ध्या तासाचा रस्ता. तिने नकार दिला. “तिथे मी कधी गेलेच नाही. तिथलं माझं काही नाही. माझी जागा ही इथली.” नदीत दिवा सोडायचा का, असेही मी भीतभीत विचारले होते. त्यालाही ती नाहीच म्हणाली. “दिवा त्यांची माणसं लावतील. मला फक्त एकदा इथे बसून कुणाला तरी सांगायचं होतं.”

मग आम्ही नदीच्या वरच्या अंगाला तीन किलोमीटरवर असलेल्या मेणवलीला गेलो. नाना फडणविसांचा वाडा, त्यामागचा अर्धचंद्राकृती घाट, मेणेश्वराचे देऊळ आणि तिथली ती मोठी घंटा. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या, त्यांपैकी ही एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. झाडाच्या सावलीत बसून आत्याने मला तिची सगळी हकीकत सांगितली, वर्गात सांगावी तशी, सनावळीसकट. आठ महिन्यांनी तिच्यातली शिक्षिका बोलत होती. दुपारी जेवताना तिने पिठल्याबरोबर दुसरी अर्धी भाकरी मागून घेतली.

या अंकाच्या वाचकांसाठी यातून काय घ्यावे, याचा विचार मी परतीच्या वाटेवर करीत होते.

गतकाळाची ओढ हा एकेकाळी चक्क आजार मानला जात असे. योहानेस होफर या तरुण स्विस वैद्याने १६८८ मध्ये आपल्या प्रबंधात घरापासून दूर गेलेल्यांच्या झुरणीला ‘नॉस्टॅल्जिया’ असे नाव दिले. ग्रीक भाषेतला परतणे आणि वेदना या दोन शब्दांचा तो जोड आहे. आज आपण तिला रोग मानत नाही. उलट वृद्धांना जुने फोटो, वस्तू, वास, जागा यांच्या आधाराने बोलते करणे ही काळजीची एक मान्य पद्धत आहे, स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठीही. तिने आजार बरा होत नाही. पण मनःस्थितीला आणि बोलण्याला तिचा आधार होऊ शकतो. मात्र जुनी आठवण काढून माणूस अधिकच खचत असेल, जेवणे-झोपणे सुटले असेल, ‘आता जगून काय करायचे’ असे बोलत असेल, तर सहलीवर विसंबू नये. डॉक्टरांना गाठावे. उतारवयातले नैराश्य उपचारांनी सुधारते. आत्यालाही परतल्यावर मी माझ्या एका मनोविकारतज्ज्ञ सहकाऱ्याकडे नेले, आणि तिच्या झोपेसाठी आम्ही थोडे उपचार केलेच.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. काही दुःखांना समाजात जागाच नसते. पती गेला, भाऊ गेला, तर लोक भेटायला येतात, सुतक असते, तेराव्याचे जेवण असते. पण साठ वर्षांपूर्वी ज्याच्याशी लग्न होऊ शकले नाही तो माणूस गेला, तर आत्याने कुणाला सांगावे? अशा मान्यता न मिळालेल्या शोकाचा अभ्यास केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने केला आणि १९८९ च्या आपल्या ग्रंथातून त्याकडे लक्ष वेधले. आपल्या घरातल्या वृद्धांकडे असे एखादे न सांगितलेले दुःख असू शकते. ते खोदून काढण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण ‘तुम्हाला कुठे जावंसं वाटतं?’ हा प्रश्न विचारता येतो, आणि उत्तरादाखल जी जागा येईल तिथे शक्य असेल तर नेता येते. नेणे शक्य नसेल, तर तिथला फोटो दाखवून गप्प बसून ऐकता येते. ‘आता या वयात कशाला?’ हे वाक्य मात्र तोंडातून जाऊ देऊ नये. ज्याने आयुष्यभर एखादी गोष्ट जपली, त्याने ती मुळात वयाच्या हवालीच केलेली नसते.

आत्याची प्रकृती एकदम पालटली, असे मी लिहिणार नाही. चार महिन्यांत वजन दोन किलोने वाढले. वर्तमानपत्र पुन्हा सुरू झाले, निधनवार्तांचे पान वगळून. वॉकर अजून आहे. पण संध्याकाळी दिवे लागले की ती स्वतः उठून गच्चीच्या दारापर्यंत चालत जाते, आणि समोरच्या उड्डाणपुलावरून जाणाऱ्या गाड्या पाहत थोडा वेळ उभी राहते.

वाईहून परतल्यावर पहिल्याच सोमवारी मी त्या गृहस्थांना फोन लावला. म्हणाले, “तुम्ही त्या दिवशी विचारलं होतं, त्याचं मी नीट उत्तर दिलं नव्हतं. उपचार पूर्ण झालेत, तपासण्या स्वच्छ आहेत, मुलापासून तुमच्या मुलीला संसर्गाची भीती नाही. आजार उलटण्याची शक्यता अगदीच नसते असं नाही, पण ती थोडी असते, आणि उलटलाच तर पुन्हा औषधं आहेत. या कारणावरून स्थळ नाकारू नका. इतर काही कारण असेल तर तो तुमचा प्रश्न.” पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ते म्हणाले, “बरं झालं, फोन केलात. मुलगी दोन महिने आमच्याशी बोलत नाहीये.”

पुढे त्यांनी काय ठरवले ते मला अजून कळलेले नाही. रात्री जेवताना मी आत्याला एवढेच सांगितले की, एका मुलीच्या वडिलांना आज फोन केला. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले, आणि आमटीचे भांडे माझ्याकडे सरकवले.